पणजोबा नक्की कधी गेले?

2023च्या दिवाळीच्या सुमारास महाराष्ट्रातल्या तहसील कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांना एकाएकी माणसांची सवय करून घ्यावी लागली. मराठा आरक्षणाच्या प्रश्नावर नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू होता. फडक्यात बांधलेले रुमाल सुटत होते, मोडी वाचणाऱ्यांना निरोप जात होते, आणि ‘कोतवाल बुक’, ‘गाव नमुना 14’ हे शब्द चहाच्या टपरीवर ऐकू येऊ लागले होते. लोकांना हवी होती जात. पण जातीचा तो रकाना ज्या वहीत सापडत होता, ती वही मुळात गावातल्या जन्ममृत्यूंची. त्या निमित्ताने पुष्कळांनी आपल्या खापरपणजोबांचे नाव पहिल्यांदा शाईत पाहिले. त्याहून अधिक लोकांना ते दिसलेच नाही.

घराण्याचा इतिहास लिहायला बसलेल्या माणसाचे गाडे बहुतेक वेळा मृत्यूच्या नोंदीपाशी अडते. पराक्रम, भांडणे, स्थलांतर यांच्या गोष्टी घरात असतात. ‘प्लेगात गेले’, ‘मुंबईला गेले ते तिकडेच वारले’, ‘आजोबा तेव्हा पाळण्यात होते’ अशी वाक्येही असतात. तारीख मात्र नसते. मग माणूस सरळ मृत्यूची नोंदवही मागायला जातो, ती मिळत नाही किंवा तिच्यात नाव नसते, आणि शोध तिथेच संपतो.

इथे एक गोष्ट लक्षात घेतली तर पुढची वाट बरीच सोपी होते. जुन्या काळी मृत्यूची नोंद वारसांच्या सोयीसाठी कोणी करत नसे. एक माणूस गेला की काही जणांच्या मागे काम लागे. कोतवालाला वर्दी द्यावी लागे, तलाठ्याला खाते फिरवावे लागे, तीर्थोपाध्यायाला पितरांच्या नावात भर घालावी लागे, पलटणीला निवृत्तिवेतनाचा निकाल लावावा लागे. प्रत्येकाने आपल्या कामापुरते लिहून ठेवले. म्हणून ‘नोंद कुठे मिळेल?’ या प्रश्नाआधी ‘हा मृत्यू कळण्याची गरज कोणाला होती?’ हे विचारावे. तीन-चार नावे तरी सुचतातच, आणि त्यातले एखादे दप्तर अजून शाबूत असते.

कोतवालाची वर्दी

सरकारची गरज होती मोजणीची. हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेत लढाईपेक्षा रोगराईने माणसे अधिक मरतात, हे पाहून नेमलेल्या शाही आयोगाचा अहवाल 1863 साली आला. 1864 साली मुंबई, बंगाल आणि मद्रास इलाख्यांत आरोग्य आयोग स्थापन झाले. फौजेला निरोगी ठेवायचे तर भोवतालच्या गावात पटकी कधी आली, देवी कुठे पसरल्या, हे कळायला हवे होते. त्यासाठी गावोगावचे मृत्यू मोजण्याची पद्धत बसत गेली. गावकामगाराने वर्दी द्यायची, पोलीस पाटलाने वहीत लिहायचे, गोषवारा वर मामलेदार कचेरीत जायचा.

या उगमामुळे वहीचे स्वरूप ठरले. मृत्यूच्या कारणांचे वर्ग मोजके होते: पटकी, देवी, ताप, हगवण, इजा आणि इतर. पुढे प्लेग व श्वसनाचे विकार वेगळे दाखवू लागले. कारण ठरवणारा वैद्य नव्हता, वर्दी देणारा गावकामगार होता. त्यामुळे न्यूमोनिया, हिवताप, क्षय, बाळंतरोग हे सगळे ‘तापा’त जमा झाले. वहीतल्या ‘ताप’ या शब्दावरून घराण्यातल्या आनुवंशिक आजाराचे निदान करायला जाऊ नये.

नावाचेही तसेच. मोजणीला आडनावाची गरज नव्हती. ‘रामा बिन तुका, जात अमुक, वय 60’ एवढ्याने काम भागे. ‘बिन’ किंवा ‘वलद’ म्हणजे अमुकचा मुलगा, ‘कोम’ किंवा ‘भ्र.’ म्हणजे अमुकची बायको. सासरी बदललेले नाव, माहेरचे नाव आणि हाक मारायचे नाव अशी बाईची तीन नावे असत, आणि वर्दी देणाऱ्याला यातले एकही ठाऊक नसले तर वहीत ‘तुका पाटलाची सून’ एवढेच उमटे. बारशाआधी गेलेल्या बाळाला नाव नसतेच. ‘मुलगी, वय 4 दिवस’ अशी ओळ दिसली तर बापाच्या नावावरूनच ओळख पटवावी लागते. आडनाव धरून शोधणारा माणूस अशा पानावरून सरळ पुढे निघून जातो. जुनी वही वाचायची ती पहिले नाव, बापाचे नाव, जात आणि वय या चार खुणांनी.

या वहीला पश्चिम महाराष्ट्रात गाव नमुना 14 आणि विदर्भात कोतवाल बुक म्हणण्याची वहिवाट आहे. कचेरीत मागताना मात्र ‘जुने जन्म-मृत्यू रजिस्टर’ असे स्पष्ट म्हणावे. महसूल खात्याच्या आजच्या यादीत 14 या क्रमांकाखाली गावच्या पाणीपुरवठ्याच्या साधनांची माहिती असते, आणि नव्या कारकुनाला तेवढेच ठाऊक असण्याचा संभव आहे.

कायदेशीर नोंदणीचा धागा निराळा. 1886 साली जन्म, मृत्यू व विवाह नोंदणीचा कायदा झाला, पण तो ऐच्छिक होता. खेड्यातल्या शेतकऱ्याला त्याच्याशी कर्तव्य नव्हते. देशभर सारखी आणि सक्तीची नोंदणी आणली ती 1969च्या कायद्याने, आणि त्याचा अंमल बहुतेक राज्यांत 1 एप्रिल 1970 पासून सुरू झाला. त्यानंतरच्या नोंदी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत मिळतात, आधीच्यांसाठी तहसिलीची पायरी चढावी लागते. या कायद्याचे 17वे कलम शोधकाने वाचून ठेवावे. शुल्क भरून कोणालाही नोंदीचा शोध घेऊन उतारा मागता येतो. मात्र मृत्यूच्या उताऱ्यात मृत्यूचे कारण द्यायचे नाही, अशी त्यात अट आहे. नोंद सापडली नाही तर तसा अनुपलब्धतेचा दाखला मागून घ्यावा. कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत शोध घेतला हे त्यावर लिहून मिळते. कुटुंबाच्या फायलीत तोही पुरावाच असतो, कारण पुढच्या पिढीला तोच शोध पुन्हा घ्यावा लागत नाही.

जेव्हा माणसे फार मेली, तेव्हा वह्या कोऱ्या राहिल्या

मृत्यू वाढले की नोंदी वाढतील, असे आपण धरून चालतो. झाले उलटेच.

1896च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉक्टर व्हिएगस यांना प्लेगचा रुग्ण आढळला. काही महिन्यांत शहराची जवळजवळ अर्धी वस्ती बाहेर पडली. गिरणीतले कामगार रत्नागिरी, सातारा, पुणे जिल्ह्यांतल्या आपापल्या गावी निघाले, आणि त्यातले काही वाटेत किंवा पोचल्यावर दगावले. 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथरोग कायदा आला. घरझडती, विलगीकरण छावणी, सामानाची जाळपोळ यांच्या धास्तीने लोक आजारी लपवू लागले आणि प्रेतेही लपवू लागले. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या कारभाराने ही धास्ती टोकाला नेली. प्लेगचा मृत्यू उघड झाला तर घर उघडे पडणार, म्हणून रात्रीतून गुपचूप दहन किंवा दफन होई आणि वर्दी दिली जात नसे, किंवा ‘ताप’ म्हणून दिली जाई. लोक गावाबाहेर शेतात झोपड्या घालून राहत होते, तेव्हा कोणाचा मृत्यू कोणत्या गावच्या वहीत चढवायचा, हाही घोळ होता. अशा घरातली ‘प्लेगात गेले’ ही तोंडी आठवण वहीतल्या ‘तापा’पेक्षा खरी असू शकते.

1918च्या शरदातला इन्फ्लुएंझा याहून भयंकर. देशात त्या साथीने सव्वा ते पावणेदोन कोटींच्या आसपास माणसे नेल्याचे अंदाज आहेत, आणि 1911 ते 1921 या दशकात लोकसंख्या वाढण्याऐवजी थोडी घटली. त्यात पाऊस नीट झालेला नव्हता आणि धान्य महागले होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गावेच्या गावे अंथरुणाला खिळली. त्यात वर्दी देणारा होता, वही लिहिणाराही होता. काही दिवसांच्या नोंदी पुढे आठवून एकदम लिहिल्या गेल्या, काही राहूनच गेल्या. पूर्वज त्या हंगामात गेल्याचा संशय असेल आणि वहीत नाव नसेल, तर नवल नाही. त्याऐवजी 1919 ते 1922 या काळातले फेरफार पाहावेत. एकाच खात्यावर बाप, मुलगा आणि भाऊ यांची नावे पाठोपाठ कमी झालेली दिसली तर काय घडले असेल, याचा अंदाज करायला फार अभ्यास लागत नाही.

नोंद होऊनही पुढे नाहीशी झालेली असते, तेही ध्यानात ठेवावे. सरकारी कागदांचे वर्ग असतात. ‘अ’ वर्गाचे कागद कायम ठेवायचे, इतरांचे मुदतीनंतर निर्लेखन करायचे. घरातल्या कागदांचे शत्रू आणखी वेगळे. 1948 साली गांधीहत्येनंतर झालेल्या जाळपोळीत पश्चिम महाराष्ट्रातल्या कित्येक वाड्यांची दप्तरे जळाली, आणि 12 जुलै 1961च्या पानशेतच्या पुरात पुण्यातल्या नदीकाठच्या घरांतले कागद वाहून गेले.

गाव चुकले की सगळेच चुकते

मृत्यूची नोंद होते ती मृत्यू झाला तिथे. माणूस कुठला, हे त्या वहीला विचारायचे नसते. कोरेगावचा शेतकरी पुण्याच्या ससूनमध्ये गेला तर तो पुण्याच्या नोंदीत. कोकणातला गिरणी कामगार परळच्या केईएममध्ये गेला तर मुंबई महापालिकेच्या. घरचे मात्र दिवस गावी करतात, म्हणून आठवणीत मृत्यूही गावीच जमा होतो. गावची वही कोरी निघाली की त्या काळात उपचारासाठी माणसे कुठे नेत, हे विचारावे. दक्षिण महाराष्ट्रात त्याचे उत्तर पुष्कळदा मिरज असते. 1894 साली वॉन्लेस यांनी उभारलेल्या मिशन रुग्णालयात दूरदूरचे रुग्ण येत.

मिरज म्हटले की दुसरा प्रश्न येतो: तेव्हा तिथे राज्य कोणाचे होते? मिरज, सांगली, औंध, फलटण, जत, कोल्हापूर, सावंतवाडी ही संस्थाने. त्यांची दप्तरे इंग्रजी मुलखाच्या दप्तरांत मिसळलेली नसतात. मराठवाडा निजामाच्या राज्यात, तिथले जुने कागद उर्दूत आणि वर्ष फसली. हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होई. त्यामुळे फसली 1328 म्हणजे ऑक्टोबर 1918 ते ऑक्टोबर 1919. डिसेंबरपर्यंत 590 मिळवायचे, जानेवारीपासून 591. एवढा एक आकडा चुकला तरी इन्फ्लुएंझाची साथ भलत्याच वर्षात जाऊन पडते. गोव्यातल्या ख्रिस्ती घराण्यांना चर्चची दफन-पुस्तके पाहावी लागतात, आणि ती पोर्तुगीजमध्ये असतात.

जमिनीला वारस हवा

ज्याच्या नावावर गुंठाभर का होईना जमीन होती, त्याचा मृत्यू महसूल खाते फार काळ विसरू शकत नाही. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा 1903 साली आला, आणि पुढच्या काळात गावोगावी फेरफाराच्या वह्या तयार झाल्या. गाव नमुना 6 म्हणजे फेरफार नोंदवही आणि 6-क म्हणजे वारस नोंदवही. जुन्या सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात जो आकडा असतो, तो फेरफाराचा क्रमांक. त्या क्रमांकावरून मागे जात राहिले की एकेका पिढीचा पडदा वर जातो. अनेक जिल्ह्यांतले जुने सातबारे आणि फेरफार आता ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर पाहायला मिळतात.

फेरफार देतो ती मृत्यूची तारीख नव्हे. वारसाने तीन महिन्यांत कळवावे असे कायदा सांगतो. पण भावकीत वाद नसेल, कर्ज काढायचे नसेल, तर कोण कचेरीत जातो? वीस-वीस वर्षे जमीन मयताच्या नावावर राहते आणि सोसायटीच्या कर्जासाठी एके दिवशी वारस लागतो. त्यामुळे फेरफारावरची तारीख ही नोंद मंजूर झाल्याची असते. उपयोगाचा असतो तो आतला मजकूर: ‘खातेदार पाच वर्षांपूर्वी मयत. वारस मुलगे दोन, पैकी धाकटा अज्ञान, पालन करणार आई.’ या एका ओळीत मृत्यूचा अंदाज आहे, विधवा हयात असल्याचा पुरावा आहे आणि धाकट्याच्या वयाची वरची मर्यादाही आहे. मुलींचा उल्लेख त्या काळच्या नोंदीत नसला तर मुली नव्हत्या असा अर्थ काढू नये. खाते ‘एकत्र कुटुंब मॅनेजर’ म्हणून असेल तर मोठा भाऊ गेल्यावरच फेरफार पडतो. आधी वारलेल्या धाकट्यांची नावे त्यात कधी येतच नाहीत.

इनाम आणि वतन असलेल्या घरांचे कागद याहून मागे नेतात. 1852च्या कायद्याने बसलेल्या इनाम कमिशनला प्रत्येक इनामाचा मूळ धारक कोण, आणि आजचा धारक त्याचा कितवा वंशज, हे तपासायचे होते. वंश खुंटला तर इनाम सरकारजमा होणार, म्हणून लोकांनी वंशावळी आणि कैफियती बारकाईने लिहून दिल्या. हा ऐवज पुण्याच्या पुरालेखागारात आहे. तो वाचताना एक सावधगिरी हवी. जमीन टिकवण्यासाठी लिहिलेल्या वंशावळीत दत्तकाचा मुलगा होणे किंवा निपुत्रिक चुलता गाळला जाणे अशक्य नसते.

या कागदांची लिपी बहुधा मोडी आणि पेशवाईतल्या कागदांत वर्ष सुहूर. ते आकड्यांत नसून अरबी शब्दांत असते. ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण 1171. हे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होते. त्यात 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन येते, म्हणजे इथे 1770-71.

श्राद्धाची तिथी काय सांगते

जमीन नसलेल्यांचे काय? त्यांच्यासाठी, आणि जमीनवाल्यांसाठीही, एक दप्तर घरातच असते. ते म्हणजे श्राद्धपक्ष. घरातल्या जुन्या बायकांना सन आठवत नाही, पण पणजोबांचे पान कोणत्या तिथीला असते ते पक्के आठवते. भाद्रपद वद्य पक्षातल्या या तिथीवरून मृत्यूचा महिना कळत नाही, तिथी तेवढी कळते. वर्षश्राद्ध होत असेल तर महिना, पक्ष आणि तिथी असे तिन्ही हाती लागते.

काही तिथी मात्र मृत्यूची तिथी दाखवत नाहीत, मृत्यूचा प्रकार दाखवतात. पक्षात नवमीला एखाद्या बाईचे श्राद्ध होत असेल तर ती बहुधा सवाष्ण गेली. नवरा तिच्या मागे हयात होता. चतुर्दशीचे श्राद्ध शस्त्राने, अपघाताने किंवा घातपाताने गेलेल्यांसाठी राखलेले. द्वादशी संन्याशाची. आणि सर्वपित्री अमावास्येला ज्याचे पान आहे, त्याची तिथी बहुतेक कुटुंबालाही ठाऊक नव्हती: तो दूर गेला होता, किंवा त्याच्या मागे लगेच सांगणारा कोणी उरला नव्हता. घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही रीत म्हणजे मृत्यूबद्दलची एक जपून ठेवलेली साक्षच.

तिथीवरून तारीख काढताना तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिले, नुसते संवत्सराचे नाव. ‘दुर्मुख संवत्सर’ शके 1818 म्हणजे 1896-97 मध्ये होते, आणि साठ वर्षांनी, शके 1878 म्हणजे 1956-57 मध्ये पुन्हा आले. नाव तेच, पण मधे दोन पिढ्या. दुसरे, महिना. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत तो पौर्णिमेला संपतो. त्यामुळे आपला भाद्रपद वद्य पक्ष काशी, गया, हरिद्वारच्या वहीत आश्विन कृष्ण म्हणून येतो. शुद्ध पक्षात फरक पडत नाही, वद्य पक्षात महिन्याचे नाव एकाने पुढे सरकते. तिसरे, रात्र. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला बदलतो, इंग्रजी तारीख मध्यरात्री. पहाटे दोनला गेलेल्या माणसाच्या दोन्ही नोंदींत एका दिवसाचे अंतर दिसले तर कोणीच चुकलेले नसते.

जुन्या तिथ्यांसाठी बाळाजी प्रभाकर मोडक यांची जंत्री, किंवा शंकर बाळकृष्ण दीक्षित व रॉबर्ट सिवेल यांचे 1896चे ‘द इंडियन कॅलेंडर’ आजही हाताशी असावे. संगणकावरही आता जुनी पंचांगे काढता येतात. घरात वाराची आठवण असेल तर ती सोन्यासारखी जपावी. तिथी दरवर्षी येते, पण त्या तिथीला तोच वार लागोपाठच्या थोड्या वर्षांत सहसा एकदाच सापडतो.

तिथीनंतर तीर्थोपाध्ये. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, प्रयाग, काशी, गया या ठिकाणी उपाध्यायांनी यजमानांच्या वह्या गावागणिक आणि आडनावागणिक ठेवल्या आहेत. यजमान आला की नामावळीत बापाचे, आजाचे, भावांचे, मुलांचे नाव लिहायचे, तारीख घालायची आणि खाली त्याची सही घ्यायची. आपल्या गावचे उपाध्ये कोण, एवढे विचारल्यावर तीर्थावरचे लोक नेमके घर दाखवतात. यजमानांवरचा हक्क हे उपाध्यायाचे उपजीविकेचे साधन, म्हणून या वह्या कचेऱ्यांतल्या वह्यांपेक्षा अधिक जिवापाड सांभाळल्या गेल्या. हरिद्वारच्या अनेक वह्यांचे चित्रीकरण अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या वंशावळी संस्थेने करून ठेवले आहे.

या वहीतही मृत्यूची तारीख क्वचितच असते. पण 1913 साली स्वतः सही करून गेलेला माणूस 1917 साली मुलाच्या नोंदीत पितरांत दिसला, की मृत्यू चार वर्षांच्या आत कोंडला गेला. मुलगा अस्थी घेऊन आला होता असा उल्लेख असेल, तर अंतर काही दिवसांवर येते.

परतलेच नाहीत ते

पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या; 29 एप्रिल 1916 रोजी तिथल्या फौजेने शरणागती दिली आणि पुष्कळ सैनिक पुढे तुर्कांच्या कैदेत मेले. गावच्या वहीत त्यांचा मृत्यू येणे शक्यच नव्हते. काही गावांत संगमरवरी पाटी आहे: इथून इतके जण महायुद्धावर गेले, इतक्यांनी प्राण दिले. नावे मात्र नाहीत. नावे आहेत राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत. बसरा स्मारकाखाली चाळीस हजारांहून अधिक जणांची नोंद आहे, आणि हिंदी शिपायांच्या पुष्कळ नोंदींत बापाचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हाही दिला आहे. इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आले तसे गाव लिहिले असल्याने शोध घेताना स्पेलिंगचे चार-पाच प्रकार करून पाहावे लागतात.

गिरमिटावर मॉरिशसला गेलेल्यांचे तसेच. त्यांतले मराठी लोक मुख्यतः कोकणातले. तिथल्या मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत उतरलेल्या मजुरांची दप्तरे जपलेली आहेत. प्रत्येकाला क्रमांक, नावापुढे बापाचे नाव, वय, गाव आणि जहाज. ज्याला आपल्या गावाने कधीच गेला म्हणून सोडून दिले, तो त्या बेटावर पुढे कितीतरी वर्षे जगल्याचे त्यातून निघू शकते.

आणि जो कुठेच सापडत नाही, त्याला कायद्याची भाषा आहे. सात वर्षे ज्याची खबर नाही, त्याला मयत गृहीत धरता येते. जुन्या पुरावा कायद्यात हे 108वे कलम होते, आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमात 111वे. पण न्यायालय मृत्यू गृहीत धरते, मृत्यूची वेळ गृहीत धरत नाही. दिवाणी न्यायालयाचा असा हुकूम घरात असेल तर त्यावरची तारीख मृत्युदिन म्हणून वंशवृक्षात उतरवू नये.

वही शेवटी उघडावी

आता हे सगळे एकत्र लावून पाहू. समजा, सातारा जिल्ह्यातले एक शेतकरी घर. 1921च्या फेरफारात पणजोबा ‘पाच वर्षांपूर्वी मयत’. नाशिकच्या नामावळीत 1913 साली ते स्वतः हजर, 1917 साली पितरांत. घरात वर्षश्राद्ध मार्गशीर्ष वद्य दशमीला, आणि आत्याबाई सांगतात की आजीच्या तोंडी ‘मंगळवारी गेले’ असे असायचे. फेरफार 1916च्या आगेमागे बोट दाखवतो, नामावळी दोन्ही बाजूंना कुंपण घालते, तिथी दर वर्षातला एकच दिवस ठरवते, आणि जंत्रीत मंगळवार जुळणारे वर्ष बहुधा एकच निघते. आता तहसील कचेरीत जाऊन त्या वर्षाचा तो एक महिना मागायचा. चाळीस वर्षांच्या वह्या चाळणाऱ्याला न दिसलेली ‘रामा बिन तुका, वय 60, ताप’ ही ओळ आता लगेच ओळखू येईल. म्हणून मृत्यूची नोंदवही शोधाच्या आरंभी उघडण्यापेक्षा शेवटी उघडलेली बरी.

ती ओळ तिथे नसलीच, तरी हाती काही कमी आलेले नाही. मात्र ते लिहिताना प्रामाणिकपणा हवा. कुलवृत्तान्तांच्या परंपरेने मराठी घराण्यांचा मोठा ऐवज वाचवला. त्याच परंपरेत एका पुस्तकातली अंदाजाने घातलेली तारीख दुसऱ्यात खात्रीची झाली, आणि तिसऱ्यात तिच्यावरून जयंती-पुण्यतिथ्या सुरू झाल्या, असेही घडते. छापील तारखेला कोणी आधार विचारत नाही. तेव्हा ‘मृत्यू 1913 ते 1917च्या दरम्यान, नामावळीवरून, 1916चा संभव अधिक, फेरफारावरून, गावच्या वहीत नोंद नाही’ असे पूर्ण वाक्य लिहावे. दिसायला ते वंशवृक्षाच्या चौकटीत मावत नाही. पण उद्या एखाद्याला कोतवाल बुकाचे हरवलेले पान सापडले, तर आपले कुठे बरोबर होते आणि कुठे दुरुस्ती हवी, हे त्याला याच वाक्यावरून कळेल. चौकटीत नेटकी बसवलेली खोटी तारीख त्याला ते पान शोधूच देणार नाही.